बेटावरचे पाखरू

आपल्या मराठीत 'बेट' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन म्हणजे बेट, हा भूगोलाच्या पुस्तकातला अर्थ. परंतु खेड्यातला माणूस कळकाच्या दाट जाळीलाही बेटच म्हणतो. मोकळ्या रानात एका बाजूला उभे असलेले ते वेळूचे बेट. तेथे पाणी नसते. तरीही भोवतालच्या रानाहून ते निराळे असते आणि आपल्यातच मिटलेले असते. गेली कित्येक वर्षे मी वर्गात पहिला अर्थ शिकवीत आलो आहे आणि दुसरा अर्थ बोलण्यात वापरीत आलो आहे. पण या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे माझ्या मनात कधी आले नव्हते. तो संबंध मला पाखरांनी शिकविला. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

श्रोतेहो, प्रथमच एक गोष्ट कबूल करतो. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. मी हैदराबादेतला एक शाळामास्तर. रविवारी मिस्सा आटोपली की दुर्बीण गळ्यात अडकवून एखाद्या तळ्याच्या काठी जाऊन बसावे, दिसलेल्या पक्ष्याचे नाव वहीत टिपावे आणि नाव न कळल्यास घरी येऊन पुस्तक चाळावे, एवढाच माझा छंद. दहा-बारा वर्षांच्या सवयीने आता बगळ्यांतले भेद कळतात; पाणथळीच्या बारीक चिखल्या पक्ष्यांपुढे मात्र अजूनही हात टेकावे लागतात. अशा माणसाच्या मनात एक लोभ हळूहळू वाढत असतो. आपल्याकडे जे दिसत नाही ते पाहावे आणि वहीतली यादी लांबवावी, हा तो लोभ. त्याच लोभाने गेल्या नाताळच्या सुटीत मी सहकुटुंब अंदमानास गेलो.

अंदमान म्हटले की मराठी माणसाला काळे पाणी आठवते. १८५८ साली इंग्रजांनी तेथे कैद्यांची वसाहत वसविली. पुढे सेल्युलर जेल उभा राहिला. सावरकर बंधूंनी तेथे वर्षानुवर्षे कोलू ओढला. त्या कोठड्या आम्हीही नतमस्तक होऊन पाहिल्या. ज्या समुद्राच्या नावाने एके काळी माणसे थरकापत, तो समुद्र आज हैदराबादेहून विमानाने दोन-अडीच तासांत ओलांडता येतो. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. पण दुकानदार, रिक्षावाले आणि आमच्यासारखे पाहुणे अजून जुनेच नाव घेतात.

तेथे गेल्यावर पहिली फसगत घड्याळाने केली. ही बेटे भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे १,२०० किलोमीटर पूर्वेला. घड्याळ मात्र आपलेच. त्यामुळे डिसेंबरातही साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. पक्षी पाहणाऱ्याने अंथरुणातून उठावे केव्हा? "अहो, सुटीला आलोय की पहाऱ्याला?" असे माझ्या पत्नीने विचारले ते काही खोटे नव्हते. पहाटे चारला आम्ही वाटाड्याच्या गाडीत बसलो आणि चिडिया टापूच्या वाटेला लागलो.

हा वाटाड्या आम्हांस भेटला तो नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला. अंदमानात 'रांचीवाले' म्हणून ओळखला जाणारा एक मोठा समाज आहे. १९१८ च्या सुमारास छोटा नागपूरच्या मुलखातून, रांचीच्या कॅथलिक मिशनच्या मदतीने, उरांव, मुंडा व खडिया या आदिवासी जमातींचे मजूर येथे जंगलकामासाठी आणण्यास सुरुवात झाली. रस्ते त्यांनी फोडले, लाकूड त्यांनी वाहिले. त्यांचीच ही तिसरी-चौथी पिढी. आमच्या वाटाड्याचे आजोबा झाडे तोडीत. नातू पाहुण्यांना त्या झाडांवरची पाखरे दाखवितो. तो मला 'मास्टरजी' म्हणू लागला आणि मी त्याला 'भैया'.

चिडिया टापू हे नावापुरतेच टापू. ते स्वतंत्र बेट नव्हे, तर दक्षिण अंदमानचे दक्षिणेकडचे टोक. तेथे उंच वृक्षांचे रान थेट समुद्रापर्यंत उतरते. उजाडता उजाडता त्या रानातून आवाज येऊ लागले आणि मला एक चमत्कारिक अनुभव आला. सगळे ओळखीचे आणि सगळे अनोळखी. भारद्वाज दिसला, पण आपला काळा-तांबडा नव्हे, राखी-तपकिरी. कोतवाल दिसला, टकाचोर दिसला, बुलबुल दिसला. प्रत्येकाची ठेवण घरची आणि रंग परका. एका वाळलेल्या खोडावर डोक्याला लाल तुरा असलेला, काजळासारखा काळा मोठा सुतारपक्षी ठकठक करीत होता. परगावी एखाद्या लग्नात जावे आणि प्रत्येक चेहऱ्यात आपल्याच कुणा आप्ताची छटा दिसावी, तसे मला झाले. वाटाड्या प्रत्येकाच्या नावामागे 'अंदमानी' हा शब्द लावीत होता. तो शब्द उगाच नव्हता. अंदमान आणि निकोबार मिळून लहानमोठी बेटे व खडक आठशेहून अधिक. त्यांतली माणसाची वस्ती असलेली चाळिसांच्या आत. या बेटांवर वीसहून अधिक जातींचे पक्षी असे आहेत की ते जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोठेही नाहीत.

असे का व्हावे? कारण सोपे आहे. फार पूर्वी केव्हातरी वादळाने भरकटलेली किंवा चुकून लांबवर आलेली काही पाखरे अशा बेटावर उतरतात. मागे परतण्याची वाट नसते. तेथलेच अन्न, तेथलीच झाडे, तेथलेच जोडीदार. हजारो पिढ्या अशा गेल्या की पंखांचा रंग, चोचीचा आकार, आवाजाची धाटणी बदलते आणि मूळ घराण्याशी नाते फक्त चेहऱ्यापुरते उरते. बेटावर मांजर-मुंगुसासारखा शत्रू नसेल तर भीतीही हळूहळू विसरली जाते. काही बेटांवर तर पक्षी उडणेच विसरले. कारण उडण्यास मोठी शक्ती लागते आणि जेथे पळावयाचे कारण नाही तेथे ती खर्च का करावी?

बेटाची हीच संपत्ती आणि हेच त्याचे दुबळेपण. बाहेरून आलेला पाहुणा तेथे सहज मालक होऊन बसतो. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात मला प्रथम दिसली ती आपली साळुंकी. ती तेथली नव्हे. कैद्यांच्या वसाहतीच्या काळात माणसाने तिला तेथे नेले. चितळही विसाव्या शतकाच्या आरंभी असेच नेऊन सोडले. त्यांना खाणारा वाघ-बिबट्या तेथे नसल्याने ते वाढतच गेले आणि कोवळी रोपे खाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिप्पीघाट येथे गेलो. २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या भूकंपात दक्षिण अंदमानची भूमी सुमारे एक मीटर खचली आणि समुद्राचे पाणी शेतांत शिरले, ते परत गेलेच नाही. ज्या बांधांवर माणसे भाताची रोपे घेऊन चालत होती, तेथे आता खारे पाणी, वाळलेली खोडे आणि पाणपक्षी. डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेले अंदमानी बदक मी तेथेच पाहिले. दुर्बीण डोळ्यांस लावून मी हरखून गेलो होतो. शेजारी उभा असलेला वाटाड्या शांतपणे म्हणाला, "मास्टरजी, ते बदक बसले आहे ना, तेथे माझ्या मावशीचे शेत होते." मी दुर्बीण खाली घेतली. पाखराचे सुख आणि माणसाचे दुःख एकाच चौकटीत असू शकते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

पण माझा लोभ अद्याप शमला नव्हता. परतण्याच्या आदल्या रात्री आम्ही एका रानात घुबड पाहण्यास गेलो. अंदमानातच आढळणारे ते एक लहानसे घुबड. तासभर थांबलो, काही दिसेना. वाटाड्याच्या मोबाईलमध्ये त्या घुबडाच्या घुमण्याचे ध्वनिमुद्रण होते. ते वाजविले की पक्षी जवळ येतो, हे मला ठाऊक होते. तो नको म्हणत होता. मीच हट्ट धरला. एकदा वाजविले, दोनदा वाजविले, तिसऱ्यांदा वाजविले. आणि अंधारातून घुबड आले. आमच्या डोक्यावरच्या फांदीवर बसले, इकडून तिकडे उडाले, पुन्हा बसले, घुमू लागले. मी प्रकाशझोत टाकला. मन भरून पाहिले. वहीत नोंद केली. माझ्या मुलीने विचारले, "बाबा, ते इतके अस्वस्थ का झाले?" उत्तर वाटाड्याने दिले. "बेटी, ते गाणे ऐकायला आले नव्हते. त्याला वाटले, आपल्या घरात कोणी दुसरा शिरला आहे. ते घर राखायला आले होते."

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलले नाही. जो शत्रू नव्हताच त्याच्याशी लढण्यासाठी त्या पाखराने आपली शिकार सोडली, कदाचित आपले घरटे सोडले आणि तेही माझ्या वहीतल्या एका ओळीसाठी. घराबाहेर कोणी खोटी हाक मारावी, आपण धावत बाहेर यावे आणि तो मारणारा हसत निघून जावा, तसे मी त्याला वागविले होते. पक्षिनिरीक्षण हा निरुपद्रवी छंद आहे, असे मी शाळेत नेहमी सांगत असे. त्या रात्रीपासून ते वाक्य मी जपून वापरतो.

अंदमानातला सर्वांत दुर्मीळ मानावा असा पक्षी मी पाहिला नाही आणि पाहणे शक्यही नव्हते. उत्तर अंदमानच्या पूर्वेस, भर समुद्रात, नारकोंडम नावाचे एक बेट आहे. तो एक निद्रिस्त ज्वालामुखी. क्षेत्रफळ सात चौरस किलोमीटरांहूनही कमी. म्हणजे आपल्या हुसेनसागराहून फार मोठे नव्हे. त्या एवढ्याशा जागेत एका जातीचा धनेश राहतो आणि तो पृथ्वीवर इतरत्र कोठेही नाही. १८७३ साली अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हेच ते ह्यूम, ज्यांनी पुढे १८८५ साली राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. धनेशाची मादी अंडी घालताना झाडाच्या ढोलीत शिरते व तोंड लिंपून घेते. फटीतून नर तिला फळे भरवितो. म्हणजे या पक्ष्याला जुने, पोकळ ढोलीचे झाड लागते आणि तेही त्या सात चौरस किलोमीटरांतच. तेथे रडार उभारण्याचा तटरक्षक दलाचा प्रस्ताव २०१२ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या पक्ष्यासाठी नाकारला; २०१४ साली त्यास मान्यता देण्यात आली. देशाच्या सीमेचे रक्षण हे मोठे काम आहे, यात शंका नाही. परंतु ज्याला दुसरे गावच नाही, त्याच्या गावात काही बांधताना दहादा मोजून एकदा कुदळ मारावी, एवढेच माझे म्हणणे.

दक्षिणेकडे निकोबारात मेगापोड नावाचा कोंबडीएवढा पक्षी राहतो. तो अंडी उबवीत नाही. किनाऱ्याजवळ वाळू व पालापाचोळा ओढून मोठा ढीग रचतो आणि त्यात अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेने पिले होतात आणि बाहेर येताच आपली वाट आपण शोधतात. २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यालगतचे असे असंख्य ढीग वाहून नेले. ग्रेट निकोबार बेटावर आता बंदर, विमानतळ व नगर वसविण्याचा मोठा प्रकल्प योजिला आहे. त्यासाठी गलाथिया उपसागराच्या अभयारण्याचा दर्जा २०२१ च्या आरंभी काढून घेण्यात आला आणि सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळविण्यास २०२२ साली संमती मिळाली. या प्रकल्पाच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. मी फक्त एवढे विचारतो की, लाटेने एकदा ज्याचे घर नेले, त्याला दुसऱ्यांदा उठविताना तो जाणार कोठे?

ही चिंता काल्पनिक नव्हे. मॉरिशसची गोष्ट आठवा. कोकणातून व घाटावरून गेलेल्या मराठी माणसांची घरे जेथे एकोणिसाव्या शतकापासून आहेत, तेच हे मॉरिशस. माणूस तेथे वस्तीला येण्यापूर्वी त्या बेटावर डोडो नावाचा मोठा, न उडणारा पक्षी राहत होता. माणसे आली, त्यांच्यामागून डुकरे, उंदीर व माकडे आली. डोडो पाहिल्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ सालची मानली जाते. सन १५०० पासून जगातून जे पक्षी कायमचे नाहीसे झाले, त्यांतले दहांपैकी सुमारे नऊ बेटांवरचे होते. पळून जाण्यास जागा नसणे म्हणजे काय, ते या एका आकड्यात दिसते.

परंतु त्याच मॉरिशसने उलट गोष्टही दाखविली. तेथला एक लहान ससाणा १९७४ साली रानात अवघा चार संख्येने उरल्याची नोंद झाली. जाणत्या माणसांनी त्याची अंडी जपून उबविली, पिले वाढविली, घरट्यांसाठी पेट्या टांगल्या; आणि चारांचे पुन्हा शेकडो झाले. अंदमानातही असाच एक प्रयोग झाला आहे. तेथल्या गुहांत एक पाकोळी आपल्या लाळेचे घरटे बांधते. परदेशात त्या घरट्याचे सूप करतात आणि त्याला सोन्याचा भाव मिळतो. चोरट्या तोडीमुळे ही पाकोळी झपाट्याने घटली. तेव्हा डॉ. रवी शंकरन या पक्षिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने वनखात्याने घरटी काढणाऱ्यांनाच गुहांचे राखणदार नेमले. जो हात घरटे ओरबाडीत होता, तोच हात पहारा करू लागला. ज्याला पाखराचे घर ठाऊक असते, तोच ते मोडू शकतो आणि तोच ते राखू शकतो.

हे सर्व घेऊन मी हैदराबादेस परतलो. शाळा सुरू झाली. नववीच्या वर्गात मी मोठ्या उत्साहाने अंदमानच्या पाखरांचे वर्णन केले. नारकोंडमचा धनेश सांगितला. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, दुसरीकडे कुठेच नाही असा पक्षी आपल्याकडे नाही का?" मी क्षणभर गप्प झालो. उत्तर मला पुस्तकातून ठाऊक होते. पण इतक्या वर्षांत ते एकदाही वर्गात सांगण्याचे मला सुचले नव्हते. मी समुद्र ओलांडून गेलो आणि उंबऱ्यापाशी असलेले पाहिले नाही.

ते उत्तर असे. १८४८ साली थॉमस जेर्डन या इंग्रज डॉक्टराने दक्षिण भारतात एक धाविक पक्षी नोंदविला. टिटवीहून लहान, छातीवर दोन आडवे पट्टे, दिवसा झुडपात लपणारा आणि रात्री मोकळ्या जमिनीवर चालणारा. तेलुगूत त्याला 'कलिवि कोडी' म्हणतात. कलिवि नावाच्या काटेरी झुडपांतली कोंबडी. एकोणिसाव्या शतकात हा पक्षी नेल्लूर-कडप्प्याकडे दिसला. ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाने त्याची नोंद गोदावरीच्या खोऱ्यात भद्राचलम् येथे आणि सिरोंचा येथे केली. श्रोतेहो, सिरोंचा म्हणजे आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले. हा पक्षी एके काळी मराठी मुलखातही चालत होता! १९०० नंतर मात्र तो कोणाला दिसला नाही. १९३१-३२ साली डॉ. सालिम अली यांनी निजाम सरकारच्या साहाय्याने सबंध हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा मराठवाड्याचे जिल्हेही याच संस्थानात होते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती पाहणी प्रसिद्ध झाली आणि आजही दख्खनच्या पक्ष्यांविषयी लिहिणाऱ्यास तिच्यापासूनच आरंभ करावा लागतो. त्यांनाही हा धाविक आढळला नाही. लोकांनी तो गेला असेच धरले.

१९८६ च्या जानेवारीत, याच सोसायटीचे भरत भूषण यांच्या शोधाला यश आले. कडप्पा जिल्ह्यात रेड्डीपल्ली गावाजवळ एका गावकऱ्याने रात्री हा पक्षी धरला. साडेआठ दशकांनी तो पुन्हा माणसाच्या हाती आला. सालिम अली तेव्हा नव्वदीच्या घरात होते. त्यांच्या हयातीत हे घडले, याचे समाधान वाटते. पण त्या आनंदालाही एक काटा आहे. धरलेला तो पक्षी फार दिवस जगला नाही. पुढे संशोधकांनी शहाणपणाची रीत काढली. झुडपांमधल्या वाटांवर मऊ मातीचे पट्टे पसरायचे आणि सकाळी त्यांवर उमटलेली पावले वाचायची. पाखराला हात न लावता पाखरू ओळखायचे! अंदमानातल्या त्या रात्री मला हे आठवते तर किती बरे झाले असते.

त्याच परिसरात पुढे श्री लंकामल्लेश्वर अभयारण्य झाले. तेलुगू गंगा कालवा याच झुडपी रानातून जावयाचा होता. निसर्गप्रेमींनी आक्षेप घेतला आणि कालव्याची आखणी बदलण्यात आली. तरी २००९ नंतर अनेक वर्षे हा पक्षी भेटला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याची हाक पुन्हा ऐकल्याची वार्ता पक्षिनिरीक्षकांनी दिली, तेव्हा माझ्यासारख्या पुष्कळांनी मनोमन देवाचे आभार मानले.

आता विचार करा. कडप्प्याच्या त्या रानाभोवती समुद्र नाही. पण सिरोंच्यापासून नेल्लूरपर्यंत पसरलेले त्याचे जग आक्रसत आक्रसत एका झुडपी पट्ट्यावर येऊन ठेपले. भोवती शेते, खाणी, रस्ते, कालवे. तो पट्टा म्हणजे बेटच नव्हे का? अंदमानची बेटे समुद्राने केली. हे बेट आपण केले. समुद्राला बेट करण्यास लाखो वर्षे लागली; आपण ते शंभर वर्षांत केले. वर्गातल्या त्या मुलीच्या प्रश्नाने कळकाचे बेट आणि भूगोलाचे बेट माझ्या मनात एक झाले, ते असे.

आणि मग हैदराबादेकडे पाहू लागलो, तर बेटेच बेटे दिसू लागली. कुतुबशाहीत इब्राहीमच्या अमदानीत बांधलेला अमीनपूरचा तलाव घ्या. भोवती इमारतींचे रान. मध्ये पाणी आणि पाखरे. २०१६ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. देशात शहरातल्या तलावाला असा मान प्रथमच मिळाला. गच्चीबावलीजवळचा हैदराबाद विद्यापीठाचा परिसर घ्या. तेथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. त्याला लागून असलेल्या चारशे एकरांवर २०२५ च्या वसंतात यंत्रे चालली, विद्यार्थी रस्त्यावर आले आणि ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविण्याचा आदेश दिला. तो वाद कायद्याचा आहे, जमिनीच्या मालकीचा आहे, ते मी जाणतो. पण पाखराच्या बाजूने पाहिले तर प्रश्न साधा आहे. रात्री यंत्र आले, झाड पडले, आता बसावे कोठे?

आपण म्हणाल, मास्तर, याला उपाय काय? माझ्यापाशी मोठे उपाय नाहीत. लहान सांगतो. सुटीला बेटावर जा, अवश्य जा. पण तेथल्या माणसाला वाटाड्या घ्या, त्याला योग्य मेहनताना द्या आणि तो नको म्हणेल तेथे थांबा. घरटे दिसले तर मागे फिरा. त्याचे छायाचित्र काढून जागा जाहीर करू नका. खोटी हाक वाजवू नका. आणि परत आल्यावर आपल्या गावातले एक बेट निवडा. तळे असो, माळ असो, दफनभूमीतली जुनी चिंच असो की शाळेमागचे झुडपांचे बन असो. वर्षभर, आठवड्यातून एकदा, तेथे जाऊन काय दिसते ते तारखेसह टिपा. सालिम अली यांची पाहणी नव्वद वर्षांनी आपल्याला उपयोगी पडते, ती त्यांनी जपून टिपली म्हणून. आमच्या वर्गाने शाळेमागचे एक झुडपी मैदान निवडले आहे. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीकडे वही सोपविली आहे. पहिल्या पानावर नोंद आहे ती टिटवीची. तिसऱ्या आठवड्यात टिटवीने तेथेच खड्यांमध्ये अंडी घातली, तेव्हा क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी आपण होऊन खेळपट्टी वीस पावले सरकविली. कोणी त्यांना सांगितले नव्हते.

माझ्या धर्मग्रंथात नोहाची गोष्ट आहे. ती आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. महापुराच्या पाण्यात तारू तरंगत होते. जमीन उरली आहे की नाही, हे कळावे म्हणून नोहाने कबूतर सोडले. पहिल्या खेपेस त्याला पाय टेकण्यास जागा मिळाली नाही, म्हणून ते परत आले. दुसऱ्या खेपेस चोचीत जैतुनाचे कोवळे पान घेऊन आले. तेव्हा माणसाला कळले की, जगण्यास अजून जागा आहे. लहानपणापासून ही गोष्ट मी ऐकत आलो. पण तिचा रोख मला अलीकडे उमगला. जमिनीची खबर माणसाला पाखराने आणून दिली. पाखराला पाय टेकावयास जागा उरली, तर ती आपल्यालाही उरेल.

ती जागा लहान असली तरी चालेल. सात चौरस किलोमीटरांचे नारकोंडम असेल किंवा शाळेमागचे मैदान असेल. बेट लहान असले म्हणून त्यावरच्या पाखराचे जग लहान नसते.